कुंटा किंटे खरा होता का?

ती. बाबा आणि ती. सौ. आई,

शि. सा. नमस्कार.

बाबा, अॅलेक्स हेलीच्या ‘रूट्स’ कादंबरीतला, गँबियाहून गुलाम म्हणून अमेरिकेत आणलेला कुंटा किंटे खरंच होऊन गेला का, असं तुम्ही विचारलंत. एका शब्दात सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, तू आपल्या घराण्याची वंशावळ करायला घेतली आहेस, तेव्हा तुलाही यातलं काही उपयोगी पडेल.

अमेरिकेतल्या गुलाम पूर्वजाचा माग आजपासून मागेमागे जात काढतात. १८७०च्या जनगणनेपर्यंत काम बऱ्यापैकी होतं, कारण मुक्त झालेल्या बहुतेकांची नावं-आडनावं तिच्यात पहिल्यांदा आली. त्यामागे अंधार. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं आणि खाली नुसतं वय, स्त्री की पुरुष, रंग. गुलामाचं नाव जवळपास कुठेच नाही. मग माणूस सोडून मालक धरायचा. त्याचं मृत्युपत्र, खरेदीखतं, गहाणखतं, कराच्या याद्या, तो मेल्यावर झालेली मालमत्तेची मोजदाद. तिच्यात गुरं, पलंग, भांडी आणि माणसं एकाखाली एक, प्रत्येकापुढे किंमत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत बापाच्या नावाखाली मुलाचं नाव सापडतं. इथे बापाचं नाव शोधायचं ते दुसऱ्याच घराच्या हिशेबात.

बरेच जण आडनावाला फसतात. मुक्त झालेल्या माणसाने शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असेल, असं नाही. कोणी जुन्या मालकाचं घेतलं, कोणी स्वतः निवडलं. म्हणून मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेची (१८६५ ते १८७४) खातेपुस्तकं मोलाची. त्यांत खातेदाराला विचारून आईबाप, भावंडं, कधीकधी जुना मालकही लिहून घेतलेला आहे.

कुंटा आपला पूर्वज, असं म्हणणाऱ्या अॅलेक्स हेलीकडे घरातली कहाणी होती. टेनेसीतल्या हेनिंग गावी आजी आणि तिच्या बहिणी सांगायच्या, की मूळ पुरुष ‘किंटे’, नदीला ‘कँबी बोलोंगो’ म्हणायचा, मालकाने त्याचं नाव टोबी ठेवलं. हेलीने जहाज शोधलं. ‘लॉर्ड लिगोनियर’ ५ जुलै १७६७ला गँबियाहून १४० माणसं भरून निघालं आणि २९ सप्टेंबरला मेरीलँडच्या अॅनापोलिसला लागलं तेव्हा ९८ जिवंत होती. व्हर्जिनियातलं सप्टेंबर १७६८चं एक खतही मिळालं. त्यात जॉन वॉलर आपल्या भावाला, विल्यमला, इतर मालमत्तेबरोबर टोबी नावाचा गुलाम देतो. साखळी जुळली!

पण जुळली ती नुसत्या नावावर. गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स या वंशावळ-अभ्यासकांनी वॉलरांची बाकीची कागदपत्रं तपासली, तर टोबी १७६२मध्येच त्यांच्याकडे हजर. जहाज यायच्या पाच वर्षं आधी! शिवाय कादंबरीत त्याची मुलगी किझी जन्मते, त्याच्या बऱ्याच आधी हा टोबी नोंदींतून नाहीसा होतो. एक नोंद सापडली की तिच्या आधीची दहा वर्षं आणि नंतरची दहा वर्षं चाळायची, हा साधा नियम इथे पाळला गेला नाही.

डीएनए तपासणीनेही हा तिढा सुटत नाही. बापाकडून मुलाकडे जाणारी खूण किझीपाशी तुटते, कारण ती मुलगी; आईकडून उतरणारी खूण कुंटाकडून किझीला मिळतच नाही, कारण तो पुरुष. उरतो तो दोन्हीकडून मिसळत येणारा वाटा. हेली सहा पिढ्या खालचा, म्हणजे सरासरी चौसष्टावा भाग, आणि त्यावरून एका विशिष्ट माणसाचं नाव काढता येत नाही.

गँबियाच्या जुफुरे गावी केब्बा फोफाना या वृद्धाने कुंटा नाहीसा झाल्याची कथा सांगितली, ती पुराव्याची दुसरी बाजू. मात्र पाहुण्याला काय ऐकायचंय, हे गावात आधीच माहीत होतं. पुढे इतिहासकार डोनाल्ड राइट यांनी त्याच माणसाला विचारलं तेव्हा पारंपरिक वंशकथाकाराकडे असते तशी माहिती त्याच्याकडे निघाली नाही.

तर बाबा, माझं मत विचाराल तर वंशावळ म्हणून ‘रूट्स’ टिकत नाही, कादंबरी म्हणून भक्कम टिकते. हेली स्वतःही तिच्यात वास्तव आणि कल्पना मिसळल्याचं म्हणायचे. आणि लोकांनी कुंटाला कागदाची वाट न बघता आपलं मानलं. अॅनापोलिसच्या धक्क्यावर १९८१मध्ये त्याच्या नावाचा फलक बसला, तो दोन दिवसांत चोरीला गेला आणि जागेवर कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचं कार्ड सापडलं. फलक पुन्हा बसवला. आता तिथे मुलांना गोष्ट वाचून दाखवणाऱ्या हेलींचा पुतळाही आहे. गँबिया नदीतल्या जेम्स बेटाचं नाव २०११मध्ये कुंटा किंटे बेट झालं.

आई, आक्काआत्यांना विचारशील तेव्हा आधी काही वाचून दाखवू नकोस, नाव तर मुळीच सुचवू नकोस. त्या बोलतील तसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत उतरव, पुढे तारीख टाक आणि त्यांनी ते कोणाकडून ऐकलं तेही लिही. कागद नंतर काढ. दोन्हींत फरक पडला तर खोडू नकोस, शेजारी लिहून ठेव.

तुमची,
मनू