टायगरच्या आधी आलेल्या सिस्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतल्या ‘पडद्यावरचा दहशतवाद’ या पानभर लेखात ‘टेक ऑफ’च्या वाट्याला जेमतेम पाच ओळी आल्या. मल्याळी चित्रपटांना आपल्याकडे एवढीच जागा मिळते, त्याची सवय आहे. पण पाच ओळींत चार चुका करायलाही कसब लागते. त्याबद्दल लेखकांचे अभिनंदन.

पहिली चूक. ‘टेक ऑफ’ ही म्हणे ‘टायगर जिंदा है’ची मल्याळी आवृत्ती. महेश नारायणन यांचा ‘टेक ऑफ’ २४ मार्च २०१७ ला लागला, सलमान खान अवतरले २२ डिसेंबरला. मूळ पुस्तकाच्या नऊ महिने आधी आवृत्ती कशी निघते, ते लेखकांनी सवडीने सांगावे. जून २०१४ मध्ये इराकमधल्या टिक्रितच्या रुग्णालयात ४६ भारतीय नर्स अडकल्या, तो दोन्ही चित्रपटांचा आधार, एवढे खरे. त्यांतल्या ४५ केरळच्या आणि एक तमिळनाडूतल्या तुतिकोरिनची. हिंदीत त्यांच्या २५ भारतीय आणि १५ पाकिस्तानी झाल्या, टिक्रितचे ‘इक्रित’ झाले, आणि या बायका कुठल्या, इतक्या लांब कशासाठी गेल्या, हे विचारायला कुणाला फुरसत राहिली नाही. मशीनगन चालवायची होती ना!

दुसरी. कुंचाको बोबनने केलेला शहीद नावाचा नायक हा ‘नायिकेचा डॉक्टर पती’ नाही. तो नर्स आहे, वॉर्डात ज्याला ब्रदर म्हणतात तो. रुग्णालयात पुरुष दिसला की तो डॉक्टरच, हा समज ओपीडीत आलेल्या नातेवाइकांचा असतो. समीक्षकाचा नसावा. तिसरी, हा चित्रपट ‘थेट इराकमध्ये जाऊन चित्रित’ झालेला नाही. ते रुग्णालय कलादिग्दर्शक संतोष रामन यांनी उभे केले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लेखकांना ते खरेच वाटले, ही त्या पुरस्काराची पावती म्हणायची. चौथी चूक गंभीर आहे, तिच्याकडे नंतर येते.

बाकी, याच चित्रपटासाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात नायिका झालेल्या पार्वतीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा रौप्य मयूर मिळाला, दिग्दर्शकाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. त्या वर्षी आपण सगळे मराठी ‘न्यूड’ला महोत्सवाच्या इंडियन पॅनोरमा विभागातून वगळल्याच्या वादात गुंतलो होतो, ते योग्यही होते. तरी इतक्या वर्षांनी लेख लिहिताना ही नोंद सापडायला हरकत नव्हती.

माझा खरा राग चुकांवर नाही, गाळलेल्या गोष्टीवर आहे. ‘धोका माहीत असूनही तिथेच राहण्याचा वेडेपणा करणाऱ्या अबला’ असे लिहून लेखक मोकळे झाले. चित्रपटाचा मोठा भाग आयसिसचे दहशतवादी येण्याआधीचा आहे, तो त्यांनी पाहिला की पुढे पळवला? त्यात कर्ज आहे. नायिका समीराने नोकरी केलेली सासरी खपत नाही, माहेर तिच्या पगारावर डोळे लावून बसलेले, लग्न मोडते. ती इराकला जाते ती पैशासाठी. दुसरे लग्न शहीदशी, पोटात त्याचे मूल, आणि पहिल्या लग्नातला मुलगा इब्रू अचानक तिच्यापाशी येऊन राहतो, त्याला यातले काहीच ठाऊक नसते. बंदूकवाले येतात ते या घरगुती गुंत्यात. इथे वेडेपणा कुठे आहे?

लेखकांसाठी हिशोबच मांडते. तेव्हा बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नसे, म्हणून पालक त्या आकड्याच्या आत बसवू पाहत. बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे, दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख उचलले, व्याज सरळ १२ टक्के, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत. हप्ते सुरू होतात त्या दिवशी ४ लाखांवर १ लाख ६८ हजारांचे व्याज चढलेले असते. पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,६०० रुपये. त्या काळी खासगी रुग्णालयातल्या नव्या नर्सला हातात एवढाही पगार मिळायची मारामार होती. २०११-१२ मध्ये केरळच्या नर्स संपावर उतरल्या त्या उगाच नव्हे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्राने समिती नेमली. ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही २०,००० च्या खाली पगार नको आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका द्या, असे तिने सुचवले. केरळने २० हजारांची अधिसूचना काढली ती एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे ‘टेक ऑफ’ थिएटरमधून उतरून वर्ष होत आल्यावर. २०१४ मध्ये यातले काहीच नव्हते.

वर एजंट. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याने घ्यायच्या फीला तेव्हा २०,००० ची मर्यादा होती, आता ती ३०,००० आणि वर जीएसटी, म्हणजे ३५,४००. कागदावर. २०१५ मध्ये कुवेतच्या नर्स भरतीत १९,५०० च्या जागी प्रत्येकीकडून साडेएकोणीस लाख घेतल्याचा आरोप झाला आणि कोचीत सीबीआयने गुन्हा दाखल केला. पावती अर्थातच एवढ्याची कुणी देत नाही. ही रक्कम बँक देत नाही, ती सोने मोडून, घर गहाण टाकून किंवा सावकाराकडून येते.

आता २०१४ च्या १० जूनला इराकमधले मोसूल शहर आयसिसच्या हाती पडले, टिक्रित दुसऱ्या दिवशी. नर्सचे पगार महिनोन् महिने थकलेले. रिकाम्या हाताने घरी परतायचे तर थकलेला पगार बुडाला आणि पुढच्या महिन्याचा हप्ता उभाच. रुग्णालय सोडायला सुरुवातीला काहीजणी तयार नव्हत्या त्या यामुळे. बँकेला युद्धाचे कारण चालत नाही. जीव आणि हप्ता यांतून निवड करायची वेळ आली की लोक जीव पणाला लावतात, कारण हप्ता घरच्यांच्या मानेवर असतो. हा चित्रपट याच गोष्टीचा आहे, आणि नेमकी तीच लेखात नाही.

आणखी एक तांत्रिक बाब, जी कुणी लिहीत नाही. दहावी झालेल्यांच्या पासपोर्टला नोकरीसाठी देश सोडताना सरकारचा स्थलांतर परवाना लागत नाही. नर्स दहावीच्या पुढेच शिकलेली, त्यामुळे तेव्हा ती इराकला गेली काय नि सिंगापूरला गेली काय, विमानतळावर कुणी करार तपासत नव्हते, मालकाचे नाव सरकारदरबारी नोंदले जात नव्हते. कमी शिकलेल्या गवंड्याच्या कागदांची तपासणी व्हायची, शिकलेल्या नर्सची नाही! टिक्रितच्या मुलींना आधार होता तो खिशातल्या मोबाइलचा, त्यावरूनच त्या दूतावासाशी आणि केरळच्या मुख्यमंत्र्यांशी बोलत राहिल्या. वर्षभराच्या आत, ३० एप्रिल २०१५ पासून नियम बदलला. आखात, इराक, येमेन धरून यादीतल्या देशांत जाणाऱ्या नर्सला पासपोर्ट कसाही असो, परवाना सक्तीचा झाला आणि भरती नोर्का रूट्स, ओडेपेक यांसारख्या सरकारी संस्थांमार्फतच, असे ठरले.

आता चौथी चूक. लेख म्हणतो, ‘सुदैवाने त्या वेळी इराकमधले सगळे भारतीय सुखरूप परतले.’ नर्स परतल्या. ३ जुलैला आयसिसने त्यांना बसने मोसूलला नेले, दुसऱ्या दिवशी सोडले, ५ जुलैला त्या कोचीला पोचल्या. पण त्याच जूनमध्ये मोसूलमधून ४० भारतीय मजूर पळवले गेले. एक निसटला. उरलेल्या ३९ जणांचे काय झाले हे सरकारने संसदेत सांगितले २० मार्च २०१८ ला. मोसूलजवळच्या बदूश इथे पुरलेले मृतदेह डीएनए जुळवून ओळखावे लागले. बहुतेक पंजाबचे, एजंटांच्या हातून गेलेले, कर्जातलेच. जवळजवळ चार वर्षे त्यांच्या घरच्यांना ‘जिवंत असतील’ असे सांगितले जात होते. त्यांना आपण एका ‘सुदैवाने’त पुसून टाकले. याची दुरुस्ती ठळक छापावी, आतल्या पानावर चार ओळींत नको.

‘आपल्यापासून दूरचा विषय’ असेही लेखक म्हणतात. सुटलेल्या नर्सना घेऊन इराकमधल्या अर्बिलहून निघालेले एअर इंडियाचे विमान आधी मुंबईत उतरले, इंधन घेऊन मग कोचीला गेले. पण ते राहू दे. त्याच लेखाच्या पाठच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, आपणच छापलेली छोटी जाहिरात पाहावी: ‘आखातात स्टाफ नर्स पाहिजेत, अनुभवाची अट नाही, व्हिजिट व्हिसावर आठ दिवसांत रवानगी’, आणि खाली फक्त एक मोबाइल नंबर. लेख लिहिणाऱ्यांना आणि जाहिरात घेणाऱ्यांना एकमेकांचे पान बघायची मनाई आहे का?

व्हिजिट व्हिसा हीच त्यातली मेख आहे. व्हिजिट व्हिसावर गेलेली मुलगी कागदोपत्री पर्यटक असते. तिचा करार ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर चढत नाही, म्हणून पगार थकला तर दाद मागायला हातात कागद नाही, आणि गोळीबार सुरू झाला तर ती कुठल्या गावात आहे हे दूतावासाला कळायला मार्ग नाही. स्थलांतर परवान्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाखांचे संरक्षण मिळते, दोन वर्षांचे २७५ रुपये. इथे तेही गेले. नोंदणीकृत एजंटाच्या जाहिरातीत त्याचा नोंदणी क्रमांक असावाच लागतो. तो ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर टाकला की एजंटाचा परवाना चालू आहे, मुदत संपली आहे की निलंबित आहे ते मिनिटात दिसते. एजंटाकडे मालकाची तीन कागदपत्रे हवीत: मागणीपत्र, मुखत्यारपत्र आणि कराराचा नमुना. ती दाखवायला टाळाटाळ झाली की उठून बाहेर पडावे. पैसे रोख मागितले, ‘आमचा माणूस घरी येऊन घेऊन जाईल’ म्हणाले, तर तो उपएजंट, आणि उपएजंट नेमायची कायद्यात सोयच नाही. मूळ प्रमाणपत्रे तर कुणाच्याच हाती ठेवू नयेत. नर्सच्या बाबतीत आधी सरकारी संस्थेचे नाव विचारावे, तेवढ्यानेच निम्मे फोन बंद होतात.

आपल्या जाहिरात विभागाने हा एक क्रमांक मागायला सुरुवात केली तरी पुष्कळ झाले. तो नसेल तर जाहिरात परत पाठवावी. शे-दोनशे रुपयांचे नुकसान दैनिकाला परवडावे.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका (नर्सिंग), ठाणे

ता. क. मागच्या पत्रातले आकडे ‘जागेअभावी’ कापले होते. यावेळी कापायचेच असेल तर वरचे अभिनंदन कापा, ३५,४०० हा आकडा राहू द्या. आणि शुक्रवारच्या ‘आज कुठे काय’ सदरात मल्याळी, तमिळ चित्रपटांच्या वेळांपुढे सबटायटल्स आहेत की नाहीत एवढे लिहायला काय जाते? तिकीट काढून आत गेल्यावर कळते.