नाना, शाबासकी चुकीच्या पत्त्यावर येतेय

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हांला एकट्याला देता आलं असतं. पण तुम्ही ते घडी करून टूलबॉक्सच्या तळाशी टाकलं असतं आणि ‘बरं बरं’ म्हणून विषय मिटवला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय. मेलबर्नच्या आपल्या मंडळींत माझ्या २००४ च्या सुबारू फॉरेस्टरचं हल्ली जरा जास्तच कौतुक चाललंय. लँड क्रूझरवाले वाकून तिच्या पोटाखाली बघतात, वर येऊन माझी पाठ थोपटतात. मी आपला हसतो. खाली जे दिसतं ते तुमचं काम आहे, आणि जे दिसत नाही ते तर पूर्णच तुमचं.

तुमच्या गॅरेजात मी पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या हातात यादी होती : गाडी उंच करायचा लिफ्ट किट, पाण्यातही इंजिनाला हवा मिळावी म्हणून छतापर्यंत नेलेली नळी म्हणजे स्नॉर्कल, छतावर दिव्यांची पट्टी, दणकट रॅक. तुम्ही कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला स्वतःची यादी लिहिलीत. टायमिंग बेल्ट, त्याचे आयडलर (बेल्टला आधार देणाऱ्या पुल्या), वॉटर पंप, रेडिएटर, सीव्ही जॉइंटचे (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या वाकत्या सांध्याचे) रबरी बूट, बॉल जॉइंट, क्लच. वर एवढंच म्हणालात, “आधी गाडी घरी परत येईल अशी करू. डोंगरात जायचं नंतर बघू.” कराडच्या एसटी डेपोत शिकलेला माणूस बोलतोय हे तेव्हाच कळलं. रस्त्यात बंद पडलेली गाडी म्हणजे डेपोची अब्रू, हा हिशेब तुम्ही मेलबर्नजवळच्या बॅकस मार्शपर्यंत सोबत आणलात.

ज्यांच्याकडे जुनी सुबारू आहे आणि जे जंगलात जायची स्वप्नं बघतायत, त्यांच्यासाठी ही यादी जरा उलगडून सांगतो. तुम्ही सांगणार नाही, तुम्हांला बोलायचा कंटाळा. माझ्या गाडीत अडीच लिटरचं बॉक्सर इंजिन आहे. दोन्ही बाजूंना आडवे पडलेले सिलिंडर, त्यामुळे वजन खाली राहतं आणि तिरक्या उतारावर गाडी उंच गाड्यांसारखी झोकांड्या खात नाही. पण याच इंजिनाची हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याखालची सीलबंद चकती, म्हातारपणी बाहेरून पाझरायला लागते, आणि टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतात. मोबाइलला रेंज नसलेल्या दरीत हे झालं तर छतावरची दिव्यांची पट्टी काय कामाची? तुम्ही हेडच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलंत, वास घेतलात, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) वाटेला रात्रभर प्रेशर लावून ठेवलंत, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलंत की अजून एखाददोन वर्षं चालेल, कूलंटवर लक्ष ठेव. विकणाऱ्याचा सल्ला असा नसतो.

मग उंचीचा विषय. इथे तुम्ही मला जे शिकवलंत ते मी अजून लोकांना सांगत असतो. सुबारूची चारही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत आणि मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा (आपला ‘डिफ’), बॉडीलाच टांगलेला आहे. म्हणजे स्प्रिंग उंच केली की बॉडीबरोबर डिफही वर जातो, फक्त चाक खाली राहतं. हा फायदा. तोटा हा की चाकाकडे जाणारा ड्राइव्हशाफ्ट तिरका होतो, सीव्ही जॉइंट कायम वाकलेल्या अवस्थेत फिरतो आणि बूट फाटतात. फार उंची हवी असेल तर सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून तीही खाली घ्यावी लागते, स्टिअरिंगच्या दांड्यापासून सगळं हलवावं लागतं. आणि सबफ्रेमबरोबर डिफ खाली आला की जी उंची मिळवायला निघालो, तिच्यातली बरीचशी गेली! शिवाय मागच्या चाकाला धरणारा ट्रेलिंग आर्म खाली झुकला की चाक पुढे सरकतं आणि मडगार्डच्या पुढच्या कडेला घासायला येतं. हे सगळं तुम्ही फरशीवर खडूने काढून दाखवलंत.

योगायोगाने मागचे स्ट्रट (स्प्रिंगसकटचे शॉक ॲब्सॉर्बर) तसेही गेलेच होते. त्या पिढीच्या फॉरेस्टरला मागे स्वतःच उंची सावरणारे स्ट्रट असत. दमले की गाडीची मागची बाजू बसते, आणि तसेच नवीन घ्यायचे तर खिसा फाटतो. तुम्ही साधे स्ट्रट लावले आणि त्यांच्या मापाच्या जराशा उंच स्प्रिंगा. नुसते स्ट्रट बदलून भागत नाही, कारण मूळच्या स्प्रिंगा नरम असतात, हे कुणी सांगितलं नसतं तर गाडी तशीच बसलेली राहिली असती. पुढेही तेवढीच उंची, चाकांचा तिरकेपणा सावरणारे कॅम्बर बोल्ट घालून चाकं सरळ. राज्याच्या नियमांत बसेल तेवढंच, आणि मला विमा कंपनीला कळवायला लावलंत ते वेगळंच. टायर एकच नंबर मोठा : २१५/६०च्या जागी २१५/६५, रिम सोळाचीच. त्यातून मिळाला सेंटिमीटरभर. पण स्टेपनीसकट पाचही टायर एकाच मापाचे, एकाच दिवशी घेतलेले, आणि फिरवत राहायचे. कारण मॅन्युअल सुबारूच्या मधोमध व्हिस्कस कपलिंग असतं, पुढच्या-मागच्या चाकांना घट्ट द्रवाने जोडणारं. चाकांचे घेर कमीजास्त झाले की ते बिचारं डांबरी रस्त्यावरही सतत झगडत बसतं आणि एक दिवस कामातून जातं.

चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली, जाड पत्रा बसवलात, त्याला तेल सोडायला बरोबर जागी भोक. डिफ आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (हवा आतबाहेर जायची तोंडं) रबरी नळीने वर इंजिनाजवळ आणलेत. तापलेला डिफ थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि तो ब्रीदरमधून पाणी ओढून घेतो, म्हणून. स्नॉर्कल मात्र बसवून दिलाच नाहीत. “गुडघ्याच्या वर पाणी असेल तर तू जाऊच नकोस” एवढ्यावर तो विषय संपला. पाण्यात आधी स्वतः चालत जायचं हा नियम तुम्ही मला हिवाळ्यातल्या पाण्यात उभं करून शिकवलात. ते मात्र मी सहजासहजी विसरणार नाही.

या गाडीवर तुमचा जीव का, ते तुम्ही एकदाच, चहा घेताना, सांगितलंत. १९७०-७१ च्या सुमारास जपानच्या तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर कंपनीला बर्फातून लाइनवर जायला बंद टपाची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हवी होती; उघड्या जीपमध्ये माणसं गारठत. तिथल्या सुबारू विक्रेत्याने साध्या वॅगनची मागची चाकंही इंजिनाला जोडून दिली, आणि १९७२ मध्ये सुबारूची लिओनी फोर-व्हील ड्राइव्ह बाजारात आली. “म्हणजे वायरमनची गाडी,” असं म्हणून तुम्ही खूश होऊन बशी खाली ठेवलीत. आपल्याकडे पावसात कोयनेच्या बाजूला जीप घेऊन जाणारे एमएसईबीचे वायरमन तुम्ही पाहिलेले. पुढे फॅक्टरीने जाहिरातींत काय काय दाखवलं त्याच्याशी तुम्हांला घेणंदेणं नव्हतं.

पण पाने फिरवणारे आणखीही भेटले असते. चालवायला शिकवणारा भेटला नसता. वॉम्बॅट जंगलातल्या चिखलात तुम्ही शेजारच्या सीटवर बसायचात, हातात थर्मास, आणि बोलायचात फारच कमी. हँडब्रेकजवळचा तो छोटा लो-रेंजचा दांडा ऑस्ट्रेलियात विकलेल्या मॅन्युअल फॉरेस्टरला मिळालेला, अमेरिकेतल्या भावंडांना तो नाही. तो ओढला की काय होतं ते आधी समजावलंत. ही मोठ्या गाड्यांतली खरी ट्रान्सफर केस (गिअर खूप खाली आणणारा वेगळा डबा) नाही, गिअर दीडपटसुद्धा खाली जात नाही, मोठ्या फोर-व्हीलरच्या लोशी तुलनाच नको. पण चढावर हाफ क्लचवर रडत बसण्यापासून वाचवतो, आणि रिव्हर्सला तर सोन्याच्या मोलाचा. चढावर क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेक धरून ठेवणाऱ्या हिल होल्डरवर विसंबायचं, पण भोळेपणाने नाही. चढ अर्ध्यात सुटला तर क्लच दाबून गाडी घरंगळू द्यायची नाही. ब्रेक, रिव्हर्स, सरळ मागे. गाडी आडवी करायचा मोह टाळायचा, उलटते ती तिथेच.

सुबारूचं खरं दुखणं चाकाची झेप. सस्पेन्शनची हालचाल थोडी, त्यामुळे खड्डे तिरके आले की पुढचं एक आणि मागचं त्याच्या तिरक्या बाजूचं चाक अधांतरी राहतं आणि गाडी डुगडुगत्या स्टुलासारखी दोन पायांवर उभी राहते. मधलं कपलिंग पुढच्या-मागच्यात ताकद वाटेल, डाव्या-उजव्यात नाही. हवेतली दोन्ही चाकं नुसती गरगरत राहतात. यावर लोक डावं-उजवं चाक एकत्र बांधणारा लॉकर शोधतात. तुम्ही मला गाडीतून उतरून चालायला लावलंत. चाकोऱ्यांत पडायचं नाही, त्यांच्या मधल्या उंचवट्यावर एक चाक आणि काठावर दुसरं, चारही चाकं जमिनीला लागतील अशी वाट पायी जाऊन, एक दगड खूण म्हणून ठेवून ठरवायची, मग बसायचं आणि त्याच वाटेने सावकाश पण न थांबता न्यायची. आणि त्याआधी हवा कमी. तेहतीस पीएसआयवरून वीसवर आणली की तीच गाडी, तोच चढ, पण टायर दगडाला धरतो. डांबरी लागायच्या आधी हवा पुन्हा भरायची, हे तुम्ही कंप्रेसर हातात देऊनच सांगितलंत.

एका बाबतीत तुमचा आवाज चढलेला पाहिला, तोही परक्या माणसावर. एक जण अडकलेल्या गाडीच्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) स्नॅच पट्टा, म्हणजे झटका देऊन ओढायचा ताणला जाणारा पट्टा, लावत होता. तुम्ही धावत जाऊन तो काढलात. टो-बॉल तुटून उडतो आणि या देशात त्याने माणसं मेली आहेत. पुढचा बांधणीचा हुक जहाजात गाडी बांधायला असतो, ओढायला नाही. पट्टा हिचच्या (टो-बॉल बसवायच्या चौकटीच्या) खोबणीत पिन घालून लावायचा आणि बघ्यांनी लांब उभं राहायचं. त्या माणसाने आधी तोंड वाकडं केलं, नंतर तुमच्यासाठी कॉफी घेऊन आला.

व्हिक्टोरियाच्या डोंगरांतल्या ब्लू रॅग ट्रॅकच्या तोंडाशी आपण पोचलो होतो तो दिवस आठवतोय? डार्गो हाय प्लेन्स रोडवरून आत वळलो, ढग खाली आलेले, पहिल्याच चढावर ओली चिकणमाती. माझ्या मागे दोन मोठ्या गाड्या वाट बघत होत्या. तुम्ही खाली उतरून बोटाने माती चिमटून पाहिलीत आणि हाताने गाडी वळवायची खूण केलीत. ना भाषण, ना समजूत. आपण सोबत आणलेले मेथीचे ठेपले तिथेच खाल्ले आणि परत फिरलो. उन्हाळ्यात कोरड्या वाटेने पुन्हा गेलो तेव्हा तीच गाडी सुमारे १७०० मीटरवरच्या ट्रिग पॉइंटपर्यंत (माथ्यावरच्या सर्वेक्षणाच्या खुणेपर्यंत) गेली, चेंबरखालचा पत्रा दोनदा घासून, बाकी काही नाही. फोटोत मीच दिसतो, कारण तुम्ही कॅमेऱ्यामागे. मंडळातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो तो फोटो हाच, आणि शाबासकीचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मजुरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. सुट्या भागांच्या पावत्या मात्र पैशापैशासकट दिल्यात आणि प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवलीत, म्हणजे सैल झाला तर लांबूनच कळावं. परवा एका अनोळखी मेकॅनिकने गाडी वर घेतली, त्या रेघा बघितल्या आणि विचारलं, हे कोणी केलंय? पहिल्यांदाच शाबासकी योग्य पत्त्यावर गेली.

नाना, मनापासून आभार. सुमतीकाकूंनाही सांगा, तुमचे कितीतरी शनिवार मी पळवले आणि त्यांनी दर वेळी मला जेवायला घातलं.

आता कामाचं. ताशी ऐंशीच्या वर गेलं की मागच्या डाव्या चाकातून घूं असा आवाज येतोय, उजवीकडे वळताना वाढतो. बेअरिंगच असणार, या गाड्यांचं ते ठरलेलंच. उंचावरचे ट्रॅक इथल्या हिवाळ्यामुळे साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद आहेत, म्हणजे घाई नाही. तुमचा बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस मोकळा असेल तो शनिवार कळवा. बेअरिंग आणि सील मी घेऊन येतो, आणि या वेळी जेवण आमच्याकडून.

तुमचा,
वेरिबीचा फॉरेस्टरवाला