दात एकाच साच्यातले नव्हते

महोदय,

मांसाहारी डायनासोर म्हटला की चित्रकार त्याच्या जबड्यात एकसारखे सुळे भरून मोकळे होतात. खरे तर दातांवरूनच शिकारीची तऱ्हा कळते. ॲलोसॉरसचे दात चपटे, मागे वळलेले आणि करवती कडांचे. भक्ष्य सुटायला धडपडले की ते आणखी रुतत, मांस चिरत जात. या कडांच्या बेचक्यांतून डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थरात, खोल घड्या गेलेल्या असत, त्यामुळे कड सहजी तुटत नसे.

टायरॅनोसॉरस रेक्सची गोष्ट वेगळी. त्याचे दात जाडजूड, मुळासकट ३० सेंटिमीटरपर्यंत लांब, थेट हाडे फोडणारे. कॅनडात सापडलेल्या, बहुधा त्याच्याच असलेल्या अश्मीभूत विष्ठेत हाडांचा चुरा मिळाला आहे. तो फक्त मेलेली जनावरे खाई, असे म्हणणाऱ्यांनी २०१३मध्ये जाहीर झालेला पुरावा पाहावा: एका बदकचोच्या डायनासोरच्या शेपटीच्या मणक्यात टी. रेक्सचा दात रुतला आहे आणि त्याभोवती हाड भरून आले आहे. म्हणजे भक्ष्य जिवंत होते, वर निसटलेही!

स्पायनोसॉरसचे दात मात्र शंक्वाकृती, करवती कडा नसलेले. निसरडे मासे धरायला तेच बरे.

दात तुटला तरी या मंडळींचे अडत नसे, जागी नवा येई. माजुंगासॉरसला तर त्यासाठी जेमतेम दोन महिने पुरत. त्यांचे सुटे दात एवढ्या संख्येने सापडतात ते यामुळेच.

– एक वाचक