‘साल्गा’ : वर या की बाहेर जा?

प्रिय अव्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही, रागावला असशील. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच. पण तुझा तक्ता पाहिला आणि गप्प बसवेना.

स्पॅनिश शिकून इटलीला निघालेल्या मुलांसाठी काढलेल्या ‘सारख्या शब्दां’त सालीर आणि सालीरे एकाच ओळीत? मूळ एक, कबूल. लॅटिनमध्ये अर्थ उडी मारणं, रुमानियन ‘सरी’चा आजही तोच. पण स्पॅनिश सालीर, पोर्तुगीज साइर म्हणजे बाहेर पडणं, आणि इटालियन सालीरे म्हणजे चढणं.

खरा घात होतो तो रूपं चालवताना. ‘साल्गो’ दोन्हीकडे ‘मी’चं रूप, ‘साले’ दोन्हीकडे ‘तो’चं. (वर्गात हशा पिकेल, पिकू दे. रूप पक्कं बसतं.) आदरार्थी आज्ञाही तीच, ‘साल्गा’. मिलानचा टॅक्सीवाला म्हणाला तर आत बसायचं, माद्रिदमध्ये कुणी म्हणालं तर चालू लागायचं! बसचंही तेच. लॅटिनमधला ‘त’ इटालियनने राखला, स्पॅनिशमध्ये त्याचा ‘द’ झाला. म्हणून स्पेनमध्ये ‘सालीदा’ हा बाहेर पडायचा रस्ता आणि इटलीत ‘सालीता’ हे चढायचं दार. तुझी मुलं नेमकी तिथूनच उतरायला जातील.

मग चढायला स्पॅनिश ‘सुबीर’ चालवावं म्हटलं, तर इटालियन सुबीरे आणि फ्रेंच स्युबीर म्हणजे सोसणं. लॅटिन अर्थ खाली शिरणं. कुणी खालून वर आलं, कुणी ओझ्याखाली गेलं.

पोर्तुगीज आली की बाकीच्या येतातच, हा तुझा पणजीतल्या दिवसांपासूनचा हट्ट. साइर आणि सुबीर, दोन्हींत ती स्पॅनिशच्या बाजूची. इटलीत तीही तितकीच फसवते, आता तरी मान.

ती ओळ काढ. डावीकडे अर्थ लिही, वर भाषा. चढणं : सालीरे, सुबीर, फ्रेंचमध्ये मोंते. बाहेर पडणं : उशीरे, सालीर, सोर्तीर. शेजारी भूतकाळात आधी लागणारं सहायक क्रियापद हवंच. स्पॅनिशमध्ये नेहमी ‘ए’, ‘ए सालीदो’ (मी बाहेर पडलो), इटालियनमध्ये ‘सोनो’, ‘सोनो सालीतो’ (मी चढलो). पण जिन्यासारखं कर्म आलं की ‘सोनो’चं ‘ओ’ होतं, ‘ओ सालीतो ले स्काले’ (मी जिने चढलो). इथे मुलं हमखास चुकतात, उदाहरण पूर्ण वाक्यातच दे.

घराचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार. छापायला देण्याआधी तक्ता एकदा पाठव.

तुझा,
बापू