अपघाताच्या वहीत नसलेला रकाना

निगडी प्राधिकरण, पुणे ४११०४४

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली मिळाली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून तिची छापील प्रत काढून आणली आणि दोन दिवस पेन्सिल हातात घेऊन वाचली. दिवाळीनंतर ग्लासगोहून येऊन तू भोसरीच्या आणि चाकणच्या कंत्राटी कामगारांना ती विचारणार आहेस, म्हणून फोनवर तुटक बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले. तुझ्या प्रश्नावलीत दारूविषयी बावीस प्रश्न आहेत आणि कामाविषयी दोनच, 'व्यवसाय' आणि 'मासिक उत्पन्न'. मला जे सांगायचे आहे ते या बावीस आणि दोनविषयीच आहे.

तू पाठवलेला स्कॉटलंडचा अभ्यास मी आधी वाचून काढला. तुझ्याच विद्यापीठातल्या कातिकिरेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात पन्नास हजारांहून अधिक माणसांनी आरोग्य पाहणीत दिलेली उत्तरे त्यांच्या रुग्णालयातल्या आणि मृत्यूच्या नोंदींशी जोडलेली आहेत. पिण्याचे प्रमाण सारखे धरले, धूम्रपान आणि वजनही हिशेबात घेतले, तरी हलाखीत राहणाऱ्यांची दारूमुळे होणारी हानी सुस्थितीतल्या माणसांपेक्षा पुष्कळ जास्त निघते, असा त्याचा निष्कर्ष आहे. दारूपायी माणूस आधी नोकरी घालवतो आणि मग गरीब होतो, म्हणून असे दिसत असेल का, ही शंकाही त्यांनी तपासली आणि तिने या फरकाचा उलगडा होत नाही असे त्यांना आढळले. तुम्ही संशोधक याला विरोधाभास म्हणता. मी सव्वीस वर्षे कारखान्याच्या दवाखान्यात काढली आहेत, आणि तो निष्कर्ष वाचताना मला माझेच एक जुने हस्ताक्षर डोळ्यांपुढे दिसू लागले.

ही गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही. तू तेव्हा चौथीत होतीस. पहिल्या पाळीसाठी मी साडेसहाला दवाखाना उघडला आणि दहाच मिनिटांत प्रेस शॉपमधून दोघांनी एका मुलाला दंडाला धरून आणले. वय असेल एकवीस-बावीस. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट पहिल्या पेरापासून गेले होते, आणि तुटलेली पेरे त्याने कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून डाव्या मुठीत घट्ट धरली होती. ती मूठ उघडायला तो तयार होईना. त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास होता आणि तोंडाला देशी दारूचा. रक्त थांबवून मी ड्रेसिंग केले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, गाडी मागवून त्याला पुढे रुग्णालयात पाठवले आणि नियमाप्रमाणे अपघाताची वही भरायला बसले. वहीत रकाने होते नाव, तिकीट नंबर, विभाग, वेळ, इजा, उपचार आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले, 'तोंडाला दारूचा वास.'

जे लिहिले ते खरेच होते. पण त्याला घेऊन आलेले दोघे मी पट्टी बांधत असताना आणखीही काही सांगत होते. मुलगा आदल्या दिवशी दुपारी तीनला दुसऱ्या पाळीवर आला होता; तिसऱ्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून ठेकेदाराच्या सुपरवायझरने त्याला तिथेच थांबवून घेतले होते, म्हणजे अपघात झाला तेव्हा त्याला कामावर पंधरा तास उलटून गेले होते. प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी, तारेने वर बांधून ठेवलेला होता, कारण गार्ड खाली असला की तासाला नग कमी निघतात. रात्री तीनच्या सुटीत गेटबाहेरच्या टपरीमागे जाऊन त्याने एक नव्वद मारली होती, पाठ धरली होती म्हणून. हे सगळे मी ऐकले, आणि यातला एक शब्दही वहीत गेला नाही, कारण त्यासाठी वहीत रकाना नव्हता आणि तो आखावा असे मला सुचले नाही.

चार दिवसांनी ठेकेदाराचा माणूस येऊन त्या पानाची प्रत घेऊन गेला. ठेकेदाराने मुलाचे ई.एस.आय.चे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, कार्ड काढलेले नव्हते, त्यामुळे प्रश्न मालकाने द्यायच्या भरपाईचा होता. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात अशी तरतूद होती की मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आलेले नसेल आणि अपघात थेट नशेमुळे घडला असेल, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येत नाही. 'थेट' या शब्दाला त्यात अर्थ होता. नुसता वास पुरेसा नव्हता, आणि कोणी वकील उभा राहिला असता तर गार्डची तार आणि पंधरा तास पुढे आले असते. पण वकील करणार कोण? माझ्या शेऱ्यावर बोट ठेवून त्या मुलाच्या हातात काही हजार रुपये टेकवण्यात आले आणि तो बाहेर पडला.

त्याच महिन्यात एक वरिष्ठ अधिकारी दुपारी दवाखान्यात आले. त्यांच्या यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या होत्या, हाताला कंप होता, आणि किती पितो हे त्यांनी डॉक्टरांना स्वतःच सांगितले होते. त्यांच्या कागदावर 'पित्ताचा तीव्र त्रास, विश्रांतीची आवश्यकता' असे लिहिले गेले. त्यांना पगारी रजा मिळाली, व्यसनमुक्ती केंद्रात उपचार मिळाले, आणि ते बरे होऊन परत आले याचा मला आनंदच झाला. आजही आहे. पण दारूच्या नोंदीत त्यांचे नाव कुठेच आले नाही, आणि ज्याने त्या रात्री त्यांच्यापेक्षा कमी प्यायली होती त्याचे नाव कायमचे आले. दोन्ही कागद माझ्याच टेबलावरून गेले.

म्हणून तुला पहिली विनंती ही की रुग्णालयाच्या आणि कारखान्याच्या नोंदी वापरताना त्या कोणीतरी हाताने भरलेल्या असतात हे विसरू नकोस. तुला दिसणाऱ्या दरीचा काही भाग असा कागदावरच पडलेला असू शकेल, आणि तो वेगळा काढणे तुझे काम आहे. पण सगळी दरी कागदावरची नाही. बोटे काही शेऱ्यामुळे तुटत नाहीत. साहेबांची दारू संध्याकाळी जेवणाबरोबर, घरी, गादीजवळ होती. त्या मुलाची उपाशी पोटी, उभ्याउभ्या, आणि पुढ्यात चालू प्रेस घेऊन होती. दारूचे प्रमाण सारखे ठेवून हानी वेगळी का निघते, याचे निदान कारखान्यापुरते तरी हे एक उत्तर आहे.

मोजमापाविषयीही थोडे लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' या दारूच्या सवयीच्या चाचणीचे दहा प्रश्न तू घेतले आहेस, ते चांगलेच आहेत. पण 'एका दिवशी किती ड्रिंक घेता' याचे उत्तर आपल्याकडचा माणूस नव्वद आणि क्वार्टर या मापातच देईल. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असेल तर नव्वद मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे १० ग्रॅमचे एक ड्रिंक धरले तर तीन होतात. तो 'एकच' म्हणेल आणि तू एक लिहिशील. हातभट्टीच्या फुग्यावर तर काहीच लिहिलेले नसते.

आता कामाविषयीच्या दोन प्रश्नांकडे येते. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात कोणीही उपाशी नव्हते, सगळ्यांना नियमित पगार होता, तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या माणसांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघाले, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा करूनही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. पुढे १९७९ मध्ये कामाच्या ताणाचे संशोधक कारासेक यांनी मांडले की कामाचा ताण जास्त आणि कामावरचा स्वतःचा ताबा कमी, हा संयोग सर्वांत घातक असतो. हे सगळे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. पण ठाऊक असूनही ते तुझ्या प्रश्नांत उतरलेले नाही. 'व्यवसाय: हेल्पर' एवढ्याने काय कळणार? परमनंट हेल्पर आणि ठेकेदाराचा हेल्पर एकाच लाइनवर शेजारी उभे असतात. एकाला तब्येतीची रजा असते आणि दुसऱ्याला खाडा असतो. किती पाळ्या सलग केल्या, नाही म्हणता येते का, मशीन स्वतः थांबवता येते का, सुटी घेतली तर परत कामावर घेतात का, पाठ दुखली तर काय करतोस, हे विचार. शेवटच्या प्रश्नाला बरेच जण दारूचे नाव आपण होऊन घेतील.

उपचारांचेही तसेच आहे. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्याला मुक्तांगण सुरू केले, ही या शहराला मोठी देणगी आहे, आणि आमच्या कारखान्यातले कितीतरी संसार तिथे सावरलेले मी पाहिले आहेत. पण तिथला उपचार पाच आठवड्यांचा, आणि पाच आठवडे खाडा करून परत आल्यावर ज्याची जागा शिल्लक असते, तोच बहुधा जाऊ शकतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले होते. त्या एकामागे पगारी रजा होती का, हे कोणीतरी विचारले पाहिजे.

स्कॉटलंडने मे २०१८ पासून दारूची किमान किंमत ठरवून दिली आणि त्यानंतर केवळ दारूमुळे होणारे मृत्यू अंदाजे १३.४ टक्क्यांनी घटले, तेही मुख्यतः सर्वांत गरीब वस्त्यांत, हे वाचून फार बरे वाटले. तरी हा उपाय जसाच्या तसा इथे सुचवण्याची घाई करू नकोस. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. स्वस्तातली बाटली परवडेनाशी झाली की आपल्याकडचा माणूस कुठे वळतो, हे तिथल्या किमतीच्या आलेखात दिसणार नाही.

त्या मुलाचा पत्ता मी मागच्या महिन्यात काढला. आता तो पन्नाशीकडे झुकला आहे, चिखलीत एका सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्यूटी करतो आणि वही डाव्या हाताने भरतो. मी त्याच्यापाशी सगळे बोलले, शेऱ्याचेही. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बाई, तेव्हा मला झोप आली होती." तू आलीस की तुझ्याशी बोलायला तो तयार आहे. त्याची सुटी मंगळवारी असते, आणि सकाळी तो झोपतो, तेव्हा चारनंतर जाऊ. प्रश्नावलीची पेन्सिलने खुणा केलेली प्रत मी आज स्पीड पोस्टाने टाकली आहे.

तुझी,
आई