स्काऊट शिबिराला येणाऱ्या पालकांना आधी फोनवर तरी शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईतल्या बहुतेक शाळांत स्काऊटचे पथक किंवा गाईडची कंपनी एकाच शिक्षकाच्या जिवावर चालते. त्याच्या मागे मतदार यादीचे काम लागले किंवा तो निवृत्त झाला, की गणवेश कपाटात जातात आणि माळ्यावरच्या तंबूंना कुबट वास येऊ लागतो. तरीही जिथे पथक टिकून आहे तिथे त्या शिक्षकामागे चार-पाच पालक उभे असतात. कुणी बस ठरवून देतो, कुणी शिबिरात चुलीपाशी बसतो. एखादी आई रात्री मुलींच्या तंबूजवळ झोपायला येते. या मंडळींविषयी मला लिहायचे आहे, कारण त्यांना कुणीच काही शिकवत नाही.

स्काऊटमास्टर किंवा गाईड कॅप्टन व्हायचे तर प्रशिक्षणाची वाट ठरलेली आहे. सात दिवसांचा निवासी बेसिक कोर्स, मग ॲडव्हान्स, मग हिमालय वुड बॅज. मी स्वतः ती वाट चालले आहे आणि तिच्यातला एक दिवसही कमी करू नये, या मताची आहे. तंबूची दोरी किती ताणायची, पावसात चूल कशी पेटवायची, पहाटे पाचला रुसलेल्या बारा वर्षांच्या मुलीला कसे उठवायचे, हे पडद्यावर शिकता येत नाही. स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर पोरांना तंबूत नेऊन हा प्रयोग केला आणि १९१९ साली गिलवेल पार्कमध्ये मोठ्यांनाही तंबूतच शिकवले, ते उगाच नव्हे.

पण अंधेरीहून फोर्टला नोकरीला जाणाऱ्या बापाला तुम्ही सात दिवस रजा काढ म्हणालात, तर तो हसून नमस्कार करील. त्याला पथक चालवायचेच नाही. दोन रात्री हाताखाली राबायचे आहे, एवढेच. अशा माणसासाठी तास-दीड तासाचे, फोनवर करता येईल असे ऑनलाइन परिचय-प्रशिक्षण असावे आणि ते पूर्ण केल्याशिवाय त्याला शिबिराच्या फाटकातून आत घेऊ नये, एवढी माझी मागणी आहे.

यात नवे काही नाही. २०२३ साली दक्षिण कोरियात जागतिक जांबोरी, म्हणजे जगभरच्या स्काऊटांचा मेळावा, झाली, तेव्हा तिथे जाणाऱ्या प्रौढांना बालसुरक्षेचा ऑनलाइन कोर्स आधी पूर्ण करावा लागला होता. अमेरिकेत तर असे प्रशिक्षण झाल्याशिवाय स्वयंसेवकाची नोंदणीच होत नाही. हे शहाणपण तिथे फार महागात मिळाले. तिथल्या स्काऊट संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे दावे ८२ हजारांहून अधिक जणांनी दाखल केले. आपल्याकडे असे काही घडत नाही म्हणून निश्चिंत राहणारे लोक मला भेटतात. शाळांतल्या घटना वर्तमानपत्रात तेही वाचतात, तरी!

या दीड तासात शिकवायचे काय? सगळ्यात आधी, एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद जागेत राहायचे नाही. तंबू असो, बस असो की मलमपट्टीची खोली, दोन मोठी माणसे तरी हवीत, नाहीतर सगळ्यांच्या नजरेसमोर. मुलांशी खासगी व्हॉट्सॲप नाही. अंघोळीच्या, कपडे बदलण्याच्या जागी फोन खिशात. मुलाने काही सांगितले तर उलटतपासणी घ्यायची नाही, ऐकायचे. बहुतेक पालकांना ठाऊक नसलेली गोष्ट याच्या पुढची आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘शाळेची बदनामी नको’ ही सबब तिथे चालत नाही. १०९८ हा बालकांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना पाठ असतो, पालकांना नसतो.

दुसरा धडा मोठ्यांनी हात आवरण्याचा. हा मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. स्काऊटिंग चालते संघनायकावर. सहा-आठ मुलांचा संघ, त्यांचा नायक त्यांच्याच वयाचा, आणि मोठा माणूस चार पावले मागे. आपल्या पालकांना हेच जमत नाही. मुलांनी स्वतः राबून पैसे मिळवायच्या ‘खरी कमाई’च्या दिवशी शाळेत जाऊन बघा. भेळेची चटणी आईने वाटलेली, साबुदाणा वडे आजीने तळलेले, गल्ल्यावर बाबा, आणि गळ्यात स्कार्फ घातलेले बाळ शेजारी उभे राहून आपलीच भेळ खाते. त्याने कमावले काय? बिनभांड्याच्या स्वयंपाकाचीही तीच गत. एका शिबिरात मुलींनी पानात गुंडाळलेले वांगे निखाऱ्यात पुरले होते. ते करपेल या धास्तीने एक आई दर दोन मिनिटांनी काडीने उकरून बघत होती. शेवटी वांगे बाहेरून काळे आणि आतून कच्चे निघाले. तिला कुणी आधी सांगितले असते, की वांगे करपले तर करपू दे, मुली उद्या बरोबर भाजतील, तर ती सुखाने चहा प्यायली असती. माझ्या ओळखीचे एक पालक गोदीत काम करायचे. बोलाइनची गाठ ते बोलता बोलता, न बघता मारत. मुलांना त्यांच्याकडून किती शिकता आले असते! पण मुलाची गाठ चुकली की ते दोर हातातून घेत आणि स्वतःच मारून देत. अशा माणसाला सात दिवसांचा कोर्स लागत नाही. ‘तुमचे हात पाठीमागे ठेवा आणि तोंडाने सांगा’ असे दहा मिनिटे समजावणारे कुणीतरी लागते.

ऑनलाइन प्रशिक्षणाची थट्टा कशी होते, हेही मला माहीत आहे. कोरोनाकाळात शिक्षकांनी ती भरपूर केली. व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवायचा, तोवर इकडे मेथी निवडून होते. चाचणीची उत्तरे ग्रुपवर आलेलीच असतात. प्रमाणपत्र छापून भिंतीवर! हे टाळायचे तर प्रश्न पाठांतराचे नकोत. ‘शेकोटीनंतर एक मुलगा घरची आठवण येऊन रडतोय, तुम्ही एकटेच जागे आहात, काय कराल?’ असे हवेत, आणि दर वेळी वेगळे. भाषा साधी मराठी हवी. दिल्लीहून आलेल्या हिंदी-इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर करून आमच्या गळ्यात मारू नये. प्रमाणपत्राला मुदत असावी. दोन वर्षांची पुरे. आणि पडद्यावरचे झाल्यावर एका रविवारी सकाळी दादरला शिवाजी पार्कच्या स्काऊट हॉलमध्ये किंवा उपनगरातल्या एखाद्या शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बोलावून दोन तास प्रत्यक्ष बोलावे. माणसाचा चेहरा बघितल्याशिवाय त्याच्या ताब्यात मुले देऊ नयेत, हे मी जुन्या वळणाची म्हणून म्हणते असे समजा हवे तर.

खर्चाचा बाऊ कुणी करू नये. व्हिडिओ शाळेतली दहावीची पोरेसुद्धा करून देतील. शिबिरांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि ७ नोव्हेंबरला भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा स्थापना दिवस असतो. तोवर पहिली तुकडी तयार व्हायला हरकत नाही. राज्य संस्थेने किंवा मुंबईतल्या जिल्हा संस्थांनी हे काम हाती घेतले, तर चाचणीचे प्रश्न लिहून द्यायला आणि रविवारी हॉलमध्ये येऊन बसायला माझ्यासारख्या निवृत्त बाया शहरात पुष्कळ आहेत. आम्हाला फक्त आठ दिवस आधी कळवावे.

– एक निवृत्त शिक्षिका व माजी गाईड कॅप्टन, मुलुंड (पूर्व)