‘वल’ की ‘ओल’

प्रिय दत्ता,

आठ महिने तुला चार ओळी खरडल्या नाहीत, रागावला असशील. तब्येत बरी, गुडघे आहेत तसेच. पण परवा जे पाहिलं ते तुलाच सांगायचंय.

लेकीकडे दक्षिण कोरियात देगूला आलोय. तिने हेइन्सा मठात नेलं. त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचे धर्मग्रंथ, छापायच्या ८१ हजारांहून जास्त कोरीव लाकडी पाट्या तिथे आहेत. आधीचा संच मंगोलांनी १२३२ साली जाळला, तर या लोकांनी लढाई चालू असतानाच १२३६ पासून सोळा वर्षं खपून सगळं पुन्हा कोरलं! खिडकीच्या लाकडी गजांतून डोकावलो. पाट्या पुस्तकांसारख्या उभ्या, दोन्ही टोकांना जाड मुठी, म्हणजे कोरीव बाजू एकमेकींना घासत नाहीत आणि मधून वारा खेळतो. जमिनीत कोळसा, मीठ, चुना घातलाय. कशासाठी, तर दमटपणा धरू नये म्हणून.

दुकानातल्या एका नकलेवर बोट फिरवलं. एका बाजूला तेवीस ओळी, ओळीत चौदा अक्षरं. त्यातलं एकही मला येत नाही, पण उलटं आहे हे बोटाला लगेच कळलं रे. छापखान्यात स्टिकमध्ये, त्या जुळणीच्या पट्टीत, खिळे जुळवताना तू आणि मी उलटंच वाचायचो. तू तर पेपरही उलटा धरायचास, वहिनींना विचार.

आता मुद्दा. या कोरण्याच्या कामावर सुगी नावाचा भिक्षू होता, मुद्रितशोधक म्हण. चीनची प्रत, चीनच्या उत्तरेकडच्या खितान लोकांची प्रत, जुनी कोरियन प्रत शेजारी ठेवून त्याने पाठ ठरवला. अक्षर चुकलं तर तेवढंच कोरून काढून नव्या लाकडाचा तुकडा बसवायचे. पण सुगीने काय बदललं, का बदललं, याची तीस भागांची वेगळी नोंद करून ठेवली. हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

नानांची वही छापली तेव्हा तीत ‘कागदाला वल लागू देऊ नये’ असं होतं. मी ‘ओल’ केलं. पाचशे प्रती निघाल्या. तू म्हणालास, नाना आयुष्यभर ‘वल’च म्हणायचे, तू कोण सुधारणारा? वर्षभर बोलला नाहीस. मी ‘शुद्धलेखन’ म्हणून भांडलो. खरं सांगू? तेवढा एकच शब्द नव्हता. आणखीही बदलले, तुला सांगितले नाहीत, कुठे लिहूनही ठेवले नाहीत. आता दुसरी आवृत्ती काढतोय आणि कुठले शब्द माझे, कुठले नानांचे, मलाच आठवत नाहीत. रात्री झोप लागत नाही.

मूळ वही तुझ्याकडेच आहे ना? पानापानाचे फोटो पाठव. टाकून दिली असलीस तर तेही सांग, पण लवकर. ‘वल’ परत घालतो. बाकी प्रत्येक बदल शेवटी छापतो, माझं नाव घालून.

धाकट्याच्या लग्नाचं जमलं का? दुकानाचं भाडं वाढलं असं कळलं, काळजी घे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या